एकाच चुलीच्या भगिनी

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक जुना वाद मिटवला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या कॅथलिक सिस्टर्सच्या आणि फादरांच्या पगारातून प्राप्तिकर कापायचा की नाही, असा तो वाद होता. केरळ आणि तामिळनाडूतल्या संस्थांचं म्हणणं असं, की सिस्टरने निष्कांचनतेचं व्रत घेतलेलं असतं; तिचा पगार तिच्या हाती राहतच नाही, तो संस्थेच्या खात्यात जातो. ज्या पैशावर तिचा हक्क नाही त्यावर तिने कर का भरावा? १९४४ च्या एका परिपत्रकाच्या आधारे अशी सूट बरीच वर्षं मिळतही आली होती. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. पगार जिच्या नावाने निघतो तिच्या नावाने कर लागणार, पुढे ती तो कुणाला देते हा तिचा प्रश्न.

मला हा निकाल योग्य वाटतो. व्रत हा श्रद्धेचा विषय, कर हा नागरिकत्वाचा. दोन्हींची गल्लत न केलेलीच बरी. पण त्या खटल्याच्या बातम्यांतून एक गोष्ट प्रथमच चारचौघांच्या कानावर गेली. वर्गात गणित शिकवणारी, दहावीचे पेपर तपासणारी, सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापिका झालेली बाई आपला सगळा पगार घरात देऊन टाकते, आणि चप्पल तुटली तर नव्या जोडासाठी घरात पैसे मागते. मराठी वाचकाला सिस्टर माहीत आहे ती शाळेच्या फाटकाशी उभी असलेली, किंवा इस्पितळाच्या वॉर्डात रात्रपाळी करणारी. संध्याकाळी ती ज्या घरात परतते ते घर त्याने पाहिलेलं नसतं. त्या घराविषयी मला या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहायचं आहे, कारण सिस्टर्सच्या कामाविषयी आपण जे कौतुकाने बोलतो त्याचं सगळं बळ तिथून येतं असं माझं मत आहे.

घरात पैसा एकत्र होतो. शिक्षिकेचा पगार, नर्सचा पगार, निवृत्त सिस्टरची पेन्शन, कुणी दिलेली देणगी, सारं एका खात्यात. त्यातून धान्य, वीजबिल, औषधं, बसभाडं. उरेल ते संस्थेच्या प्रांतिक कार्यालयाकडे जातं, आणि तिथून नव्या मुलींचं शिक्षण आणि थकलेल्या सिस्टर्सची शुश्रूषा चालते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टरला कुणी पगार देत नाही; तरी तिच्या ताटात आणि प्राचार्य असलेल्या सिस्टरच्या ताटात फरक असू नये, हा नियम आहे. माझी एक आत्या सिस्टर होती. घरात सगळे तिला ‘सिस्टर आत्या’ म्हणत. भावाने तिला घड्याळ दिलं की ती ते नेऊन मदर सुपिरिअरच्या हाती ठेवी, आणि ज्या सिस्टरला गरज असेल तिच्या मनगटावर ते जाई. आजीला याचा फार राग यायचा. माझ्या मुलाने माझ्या मुलीला दिलेली वस्तू परक्या बाईच्या हातावर का, असं ती विचारी. आजीचा राग खोटा नव्हता. व्रताची किंमत माहेरालाही मोजावी लागते, आणि ती कुठल्या अहवालात लिहिली जात नाही.

ब्रह्मचर्य, निष्कांचनता आणि आज्ञापालन ही तीन व्रतं. मुलगी आली आणि लगेच व्रतस्थ झाली असं होत नाही. आधी उमेदवारी, मग नॉव्हिशिएट म्हणजे प्रशिक्षणाचा काळ, मग काही वर्षांसाठी तात्पुरती व्रतं, आणि तिचं व संस्थेचं दोघांचंही मन ठाम झालं तर आजन्म व्रतं. मधल्या कुठल्याही टप्प्यावर ती घरी परत जाऊ शकते. वसईत अशा परतलेल्या मुलींकडे लोक विचित्र नजरेने बघतात. हे थांबायला हवं. वर्षानुवर्षं स्वतःला तपासून प्रामाणिकपणे मागे फिरणं हेही धैर्याचंच काम आहे.

दिवसाची घडी बहुतेक घरांत सारखीच. पहाटे उठणं, चॅपलमध्ये मौन प्रार्थना, स्तोत्रं, मिस्सा, न्याहारी, मग जिचं तिचं काम. संध्याकाळी रोझरी, एकत्र जेवण, जेवणानंतर थोडा वेळ गप्पांचा, आणि रात्रीचं मौन. कागदावर हे फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात एका लहानशा घरात पाच-सहा बाया असतात: एक वसईची, एक कोट्टायमची, एक झारखंडच्या गुमल्याची उरांव, एक मंगळूरची. कुणाला भाताशिवाय जेवण जात नाही, कुणाला खोबरेल तेलाचा वास सहन होत नाही. त्यांनी एकमेकींना निवडलेलं नसतं. बदलीच्या पत्राने त्या एकत्र आलेल्या असतात, आणि काही वर्षांनी तसंच पत्र येऊन एक बॅग भरून निघायचं असतं. नवरा-बायकोत भांडण झालं तर लेकरांची ओढ त्यांना पुन्हा जवळ आणते. इथे तशी ओढ नाही. सकाळी जी सिस्टर वर्मी लागेल असं बोलली, तिच्याच शेजारी संध्याकाळी गुडघे टेकायचे असतात.

याविषयी सर्वांत खरं लिहिलं ते फ्रान्समधल्या लिझिएच्या तेरेझाने. १८७३ मध्ये जन्मलेली ही मुलगी पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मठाच्या भिंतीबाहेर तिने कसलंही काम केलं नाही, तरी १९२७ मध्ये पोपने तिला मिशनकार्याची आश्रयदात्री ठरवलं आणि १९९७ मध्ये चर्चच्या आचार्यांत तिची गणना झाली. तिचं आत्मकथन तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १८९८ मध्ये निघालं. त्यात मोठे चमत्कार नाहीत. ध्यानाच्या वेळी मागे बसून सतत बारीक आवाज करणारी एक सिस्टर आहे. धुणं धुताना समोरून घाणेरडं पाणी उडवणारी दुसरी आहे. आणि जिला रोज संध्याकाळी हात धरून जेवणघरापर्यंत न्यावं लागे, जिचं कशानेही समाधान होत नसे, अशी एक वृद्ध सिस्टर आहे. तेरेझा त्यांच्याविषयी तक्रार करत नाही, आणि ते सोपं होतं असंही भासवत नाही. कोलकात्यात काम उभं करणाऱ्या मदर तेरेसांनी नाव घेतलं ते हिचंच. सेवा आणि सहवास यांच्यातला धागा मला तिथे दिसतो.

व्रत घेऊन सेवेला वाहून घेण्याचा हा विचार आपल्याकडे अगदी परका आहे असं मानायचं कारण नाही. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला तेव्हा सभासदांकडून शपथा घेतल्या होत्या, आणि स्वतःसाठी पैसा न मिळवणं ही त्यातली एक होती. अण्णासाहेब कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापला, तो स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वाहून घेणारी माणसं मिळावीत म्हणून. पार्वतीबाई आठवले त्याच परंपरेतल्या. नुसत्या पगारी नोकरांच्या भरवशावर संस्था उभी राहिली तरी टिकत नाही, हे गोखले आणि कर्वे या दोघांनी ओळखलं होतं. कॅथलिक सिस्टर्सनी त्याच प्रश्नाचं उत्तर काही शतकं आधीपासून शोधलं. ते शोधताना त्यांना सर्वाधिक झगडावं लागलं ते आपल्याच चर्चशी, आणि हा इतिहास मराठीत फारसा कुणी सांगितलेला नाही.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा भव्य मठ आहे. १६०६ मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात तो सुरू झाला. पूर्वेकडच्या देशांतला स्त्रियांचा हा पहिला कॅथलिक मठ. त्यात शिरलेली बाई पुन्हा बाहेर पडत नसे. तेव्हाचा दंडकच तसा होता: १२९८ मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी सर्व व्रतस्थ स्त्रियांना बंदिस्त राहण्याचं फर्मान काढलं होतं, आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ते आणखी आवळलं. भिंतीआड प्रार्थना करावी, बाहेर पुरुषांनी काम करावं. १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ मोडीत काढले, सांता मोनिकात नव्या मुली घ्यायला बंदी झाली, आणि आत असलेल्या म्हाताऱ्या होत होत १८८५ मध्ये शेवटची नन वारली. त्या इमारतीत १९६४ पासून मातेर देई संस्था भरते. तिथे देशभरातल्या सिस्टर्स शिकायला येतात आणि शिकून आपापल्या कामावर परत जातात. तीच वास्तू, तेच दरवाजे, पण आता उघडे.

हे दरवाजे उघडायला सुरुवात झाली पॅरिसमध्ये, १६३३ साली. विन्सेंट द पॉल आणि विधवा लुईझ द मारियाक यांनी खेड्यातल्या साध्या मुलींना एकत्र आणलं आणि रुग्णांच्या घरी पाठवलं. मठ म्हटलं की कुंपण आलं, म्हणून त्यांनी मठ हे नाव घ्यायचंच टाळलं. व्रतंही आजन्म न घेता दरवर्षी नव्याने घ्यायची असं ठरलं. रस्ता हेच त्यांचं आवार झालं. पुढे अशा शेकडो संस्था निघाल्या आणि चर्चने त्यांच्याकडे काणाडोळा करत काम करू दिलं. पूर्ण मान्यता मिळाली ती थेट १९०० मध्ये, पोप तेरावे लिओ यांच्याकडून. अडीचशेहून अधिक वर्षं या बायकांनी रुग्ण सांभाळले, मुलं शिकवली, युद्धांत जखमी उचलले, आणि तरीही कायद्याच्या भाषेत त्या पुरत्या व्रतस्थ नव्हत्या.

मान्यता आली तरी एक दार बंदच होतं. वैद्यकी आणि प्रसूती हे काम व्रतस्थ स्त्रीला शोभत नाही, असा चर्चचा नियम होता. इकडे भारतात पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नव्हत्या आणि बाळंतपणात मरत होत्या. रावळपिंडीत ॲग्नेस मॅकलारेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी स्त्रियांसाठी इस्पितळ काढलं आणि डॉक्टर-सिस्टर्सना परवानगी मिळावी म्हणून रोमकडे अर्ज केले. त्यांच्या प्रेरणेने ऑस्ट्रियाची ॲना डेंगेल डॉक्टर होऊन रावळपिंडीला आली. एकटी डॉक्टर कितीही झिजली तरी ती गेली की काम थांबणार, हे तिने तिथेच पाहिलं. तिला हवा होता डॉक्टर आणि नर्स भगिनींचा संघ. १९२५ मध्ये तिने वॉशिंग्टनमध्ये तो सुरू केला, नियम बदलायची वाट न पाहता. नियम बदलला १९३६ मध्ये. त्याआधी १९२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी आंध्रातल्या गुंटूरला येऊन सिस्टर झाल्या, त्यांना वैद्यकीसाठी पोपची खास परवानगी घ्यावी लागली होती. १९४३ मध्ये त्यांनी कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संघटना बांधली. आज दूरच्या तालुक्यात सिस्टर्सचा दवाखाना सहज दिसतो, पण त्यामागे या बायकांचं असं भांडण आहे.

याच कहाणीतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४८ च्या ऑगस्टमध्ये मदर तेरेसा लोरेटो संस्था सोडून निघाल्या आणि वस्तीत काम करण्याआधी शुश्रूषा शिकायला पाटण्याला ॲना डेंगेलच्या सिस्टर्सकडे गेल्या. आपल्या भावी सिस्टर्सनी गरिबांसारखंच राहावं, मीठभात खाऊन दिवस काढावेत, असं त्यांच्या मनात होतं. पाटण्याच्या सिस्टर्सनी त्यांना स्पष्ट सांगितलं की असं केलंत तर तुमच्या पोरी क्षयाने जातील. रुग्णाची सेवा करायची तर सेवा करणारीला पुरेसं अन्न, विश्रांती आणि स्वच्छता हवीच. मदर तेरेसांनी ते ऐकलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मान्य झालेल्या त्यांच्या संस्थेत चौथं व्रत आलं, गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि विनामूल्य सेवा करण्याचं. पण जेवणघरात साधं, पोटभर अन्नही आलं. कालीघाटच्या निर्मल हृदय या त्यांच्या मरणासन्नांच्या घरावर जगाने पानंच्या पानं लिहिली. पाटण्यातल्या या सल्ल्याला मी तितकंच मोल देतो.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर अंधेरीकडे पाहावं. जर्मनीहून आलेल्या ॲना हुबेर्टा रोगेनडॉर्फ यांनी सेंट कॅथरिन्स होममधल्या टाकलेल्या मुलांना सांभाळता सांभाळता १९४२ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ हा संघ स्थापला. महायुद्ध चालू असताना एक जर्मन बाई ब्रिटिशांच्या राज्यात मुंबईच्या पोरक्या पोरांसाठी भारतीय मुलींचा संघ उभा करते, ही घटना आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत का नसावी? पुढे त्या मुलांची हकिकत ऐकून बॉनच्या रोझी गोलमन यांनी १९६७ मध्ये ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची संस्था काढली. मुंबईच्या एका उपनगराचं नाव जर्मनीत घराघरात पोचलं ते असं. दुसऱ्या टोकाला निर्मला निकेतन. १९५५ पासून समाजकार्याचं शिक्षण देणारं हे महाविद्यालय ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाचं. फ्रेंच राज्यक्रांतीत व्रतांवर बंदी आली तेव्हा जन्मलेला हा संघ. त्यामुळे विशिष्ट पोशाख न करण्याची त्यांची रीत आहे, आणि समोरची बाई व्रतस्थ आहे हे कित्येकदा विद्यार्थ्यांच्या लक्षातही येत नाही.

सगळे संघ युरोपातून आले असंही नाही. रांचीत बर्नादेत किस्पोट्टा या उरांव मुलीने लग्नाला नकार दिला आणि तीन मैत्रिणींबरोबर व्रतस्थ राहायचं ठरवलं. घरच्यांनी विरोध केला, गाव विरोधात गेलं. २६ जुलै १८९७ रोजी त्यांचा संत ॲनाच्या कन्यांचा संघ सुरू झाला. आदिवासी मुलींनी, आदिवासींच्या मधोमध, स्वतःच्या भाषेत. या चौघींविषयी मराठीत स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

आता अवघड भागाकडे येतो, कारण तो टाळून लिहिलेली प्रस्तावना नुसती आरती ठरेल. आज्ञापालनाच्या व्रताला काळी बाजू आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी अँग्लिकन, कॅथलिक नव्हेत. पण जीवनक्रम बराचसा तोच. फुलममध्ये या भगिनींनी चालवलेलं, समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांचं आश्रयस्थान पाहून रमाबाई हेलावल्या, आणि केडगावच्या मुक्तिसदनात पुढे त्याचा ठसा उमटला. पण सिस्टर जेराल्डीनने आज्ञापालनाचा आग्रह धरला तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे कळवलं की माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाकडे गहाण टाकणार नाही. सेवा हवी, सत्ता नको, हा त्यांचा मुद्दा आजही जिवंत आहे. संस्थेच्या सर्वोच्च सुपिरिअर निवडून येतात आणि त्यांना मुदत असते हे खरं, पण संस्थेचे मोठे निर्णय अनेकदा पुरुषांच्या हाती राहतात. युरोपातल्या जुन्या मठांत हुंडा आणणाऱ्या आणि कष्टाची कामं करणाऱ्या अशा दोन पंक्ती होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये त्या मोडायला सांगितल्या. आपल्याकडे जात त्या जागी येऊन बसते, आणि दलित व आदिवासी सिस्टर्सनी ते बोलूनही दाखवलं आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीला उच्च न्यायालयाजवळ पाच सिस्टर्स धरणं धरून बसल्या. त्यांच्यातल्याच एका भगिनीने एका बिशपवर बलात्काराचा आरोप केला होता आणि अटक होत नव्हती. त्यांच्या संस्थेने त्यांना पाठिंबा दिला नाही. बिशपना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि त्यावर अपील झालं. खटल्याबद्दल न्यायालय बोलेल. मला त्या पाचजणींबद्दल बोलायचं आहे. त्या तिच्याबरोबर एका घरात राहत होत्या, एका टेबलावर जेवत होत्या, आणि तिला एकटं पडू द्यायला त्यांनी नकार दिला. भगिनीसंघ या कल्पनेची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टर्सवर धर्मगुरूंकडून अत्याचार झाल्याचं जाहीरपणे कबूल केलं. त्या कबुलीनंतर गप्प राहण्याची सबब कुणाकडेच उरत नाही.

एका संघाचं घर किती खंबीर असू शकतं याचं दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया शेतमजुरांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाताना चालत्या बसमध्ये भोसकून त्यांची हत्या झाली. त्यांची सख्खी धाकटी बहीण त्याच संघात सिस्टर होती. तिने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, आणि पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने व संघाने प्रयत्न केले. २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केलं गेलं.

१९६५ च्या आसपास जगभरात दहा लाखांच्या घरात असलेल्या कॅथलिक सिस्टर्स आता सहा लाखांच्या खाली आल्या आहेत. युरोपातल्या मठांना कुलपं लागत आहेत, आणि जर्मनी-इटलीतल्या वृद्ध सिस्टर्सची शुश्रूषा भारतातून गेलेल्या मुली करत आहेत. आपल्याकडेही वसईच्या घराघरातून निघणाऱ्या मुलींचा ओघ आटला. दोन मुलांच्या घरातून एक मुलगी देणं आईबापांना जड जातं, आणि शिकलेल्या मुलीला सेवेच्या इतर वाटाही मोकळ्या आहेत. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. मात्र एका गोष्टीची घाई आहे. सिस्टर्सच्या घरांत इतिवृत्त लिहिण्याची रीत आहे. कुणी आलं, कुणी गेलं, किती मुलं दाखल झाली, प्लेगात कोण दगावलं, दुष्काळात धान्य कुठून आणलं, हे कुणीतरी एक सिस्टर वहीत उतरवते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची ही साधनं आहेत, आणि आमच्या विद्यापीठांतल्या फार थोड्या अभ्यासकांनी ती उघडून पाहिली आहेत. घर बंद झालं की या वह्या परदेशातल्या मुख्य मठात जातात किंवा गाठोड्यात पडून राहतात.

या पुस्तकात भगिनी स्वतःच्या तोंडून बोलल्या आहेत, ते म्हणूनच मोलाचं आहे. प्रत्येक प्रांतिक कार्यालयाने आपल्या वह्यांची यादी करून त्यांच्या प्रती एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवायला द्याव्यात, आणि मराठीच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ऐंशी ओलांडलेल्या सिस्टर्सकडे ध्वनिमुद्रणाची साधनं घेऊन जावं. नंदुरबार, अहिल्यानगर, विदर्भ इथल्या घरांपासून सुरुवात करता येईल. तिथल्या कितीतरी सिस्टर्स उत्तम मराठी बोलतात आणि त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही.